हार्मोनच्या तपासण्या नीट कशा करायच्या, आणि न्यूरोएंडोक्राइन ट्यूमर निघालाच तर पुढं काय

मिरजेत लॅबमध्ये टेक्निशियन म्हणून मला १९ वर्षं झाली, आणि माझ्या वडलांना, आमच्या अण्णांना, लहान आतड्याचा न्यूरोएंडोक्राइन ट्यूमर, म्हणजे हार्मोन बनवणाऱ्या पेशींची गाठ, आहे. म्हणजे सुई टोचणारी पण मीच आणि बापाच्या शेजारी बसून रिपोर्टची वाट बघणारी पण मीच. मी डॉक्टर नाही, कुठलं औषध किती हे तुमच्या डॉक्टरांनीच ठरवायचं. पण तपासणीला जाताना काय करून जायचं, काय टाळायचं, काय विचारायचं हे आपल्याकडं कोणी निवांत बसून सांगत नाही आणि सगळा घोळ तिथंच होतो, म्हणून एवढं लिहितेय. हार्मोनचा रिपोर्ट मशीनमुळं क्वचित चुकतो, बहुतेक वेळा सॅम्पल घ्यायच्या आधी जे खाल्लं, जी गोळी घेतली, ज्या वेळी रक्त काढलं त्यानं चुकतो.

अण्णांचं आधी सांगते. तासगावकडं आमची द्राक्षबाग. ४ वर्षं अण्णांना जुलाब, दिवसाला ६-७ वेळा, आणि रात्री झोपेतून उठून पण जायला लागायचं. सगळे म्हणायचे पोट नाजूक आहे, बागेचं टेन्शन घेता, औषध फवारताय त्यानं होतंय. जेवताना कधीकधी चेहरा, मान, छाती एकदम लालबुंद व्हायची आणि दोन-चार मिनिटांत उतरायची, घाम नाही काही नाही, आम्ही म्हणायचो रस्सा तिखट झाला असेल. टेन्शनचं पोट माणसाला सहसा झोपेतून उठवत नाही हे मला फार उशिरा कळलं. रात्री उठवणारे जुलाब आणि बिनघामाचं लाल होणं हे दोन एकाच माणसात दिसले की डॉक्टरांना दोन्ही एकाच वाक्यात सांगा. आम्ही जुलाब एका डॉक्टरांना सांगितले आणि लाल होणं स्किनच्या डॉक्टरांना, त्यामुळं दोघांनाही अर्धंच चित्र दिसलं.

अशा जोड्या इतर आजारांत पण असतात. डोकं ठणकणं, दरदरून घाम आणि छातीत धडधड हे तिन्ही एकदम झटक्यानं येऊन जात असेल आणि त्या वेळी बीपी आभाळाला टेकत असेल तर किडनीवरच्या ॲड्रिनल ग्रंथीची फिओक्रोमोसायटोमा (थोडक्यात फिओ) नावाची गाठ शोधतात. पहाटे उपाशीपोटी माणूस बरळतोय, ओळखत नाही, आणि साखर-पाणी पाजलं की दहा मिनिटांत शुद्धीवर, तर इन्सुलिन सोडणारी गाठ, इन्सुलिनोमा. असल्या माणसाला घरचे आधी फिट म्हणतात, नाहीतर बाहेरचं झालंय म्हणून कुठंकुठं घेऊन जातात आणि त्यात वर्षं जातात. अंगठी बोटात जाईना, चपलेचा नंबर वाढला, जबडा पुढं आला तर ग्रोथ हार्मोन जास्त आहे का बघतात. तोंड गोल, पोटावर बोटाएवढे रुंद जांभळे पट्टे, आणि जमिनीवरून उठताना हाताचा टेकू लागतो तर ॲड्रिनलचं कॉर्टिसोल नावाचं हार्मोन जास्त आहे का. कातडी आणि हिरड्या काळ्या पडत चालल्यात, वजन उतरतंय, मीठ खावंसं वाटतं, उभं राहिलं की घेरी येते तर कॉर्टिसोल कमी पडतंय का बघतात, आणि आपल्याकडं त्यामागं ॲड्रिनलचा टीबी असू शकतो हे लक्षात ठेवा. बाळंतपण नसताना अंगावर दूध येतंय, पाळी थांबली तर प्रोलॅक्टिन. मुतखडा परत परत होतोय तर एकदा कॅल्शियम आणि पीटीएच, म्हणजे पॅराथायरॉईडचं हार्मोन, बघायला हरकत नाही.

एक वही घाला. साधी, पोरांच्या शाळेतली. झटका आला की तारीख, वेळ, आधी काय खाल्लं, काय करत होता, बीपी किती, शुगर किती, किती वेळानं उतरलं. आमच्या अण्णांच्या वहीत ३ आठवड्यांत दिसलं की दारूचा एक घोट किंवा मटणाचं जेवण झालं की हमखास लाल होणार. मोबाईलवर चेहऱ्याचा फोटो पण काढून ठेवा कारण दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं नॉर्मल झालेलं असतं आणि डॉक्टर तरी काय बघणार बिचारे. जुने लग्नातले फोटो पण न्या, चेहरा कसा बदललाय हे त्यातूनच कळतं.

आता तपासणीचा क्रम. लोक थेट येऊन म्हणतात एमआरआय करून टाकू, एकदाच काय ते कळेल. नाही कळत. मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीत किंवा ॲड्रिनलमध्ये छोटीशी गाठ कित्येक धडधाकट माणसांत सापडते, ती काहीही करत नसते. म्हणून आधी रक्त-लघवीतून हार्मोन खरंच जास्त आहे का हे पक्कं करायचं आणि मग ते कुठून येतंय ते स्कॅनमध्ये शोधायचं. उलटं केलं की निरुपद्रवी गाठीच्या मागं लागून माणूस हैराण होतो. आणि मुतखड्यासाठी सीटी केला आणि त्यात ॲड्रिनलची गाठ दिसली असं झालं तर मेटानेफ्रिनची (फिओत वाढणाऱ्या रसायनाची) तपासणी झाल्याशिवाय तिथं बायोप्सीची सुई घालू देऊ नका, ती फिओची गाठ निघाली तर सुईनं बीपी भडकून जिवावर बेततं.

आता लघवीच्या कॅनचं सांगते आणि हे सावकाश सांगणार आहे कारण सगळ्यात जास्त चुका इथंच. कार्सिनॉइडसाठी, म्हणजे अण्णांसारख्या सेरोटोनिन हार्मोन सोडणाऱ्या गाठीसाठी, फाइव्ह-एचआयएए, फिओसाठी मेटानेफ्रिन, कॉर्टिसोल जास्त आहे का बघायला फ्री कॉर्टिसोल, हे लघवीतून बघायचं तर २४ तासांची लघवी लागते. अण्णांची पहिली तपासणी दुसऱ्या एका ठिकाणी झाली, तिथं नुसता कॅन हातात दिला, सांगितलं काही नाही. अण्णांनी दिवसाची भरली आणि रात्रीची तीन वेळची संडासात सोडली, त्यांना वाटलं २४ तास म्हणजे उजेडातलंच. रिपोर्ट काठावर आला, सगळे निर्धास्त झाले, आणि आमचे ४ महिने गेले.

तर करायचं असं. सकाळी उठल्यावरची पहिली लघवी सोडून द्यायची आणि घड्याळात वेळ लिहायची, समजा ७. त्यानंतर दिवसभर, रात्री, प्रत्येक थेंब कॅनमध्ये, संडासला बसल्यावर होते ती पण, त्यासाठी आधी वेगळ्या मगात घ्यायची. दुसऱ्या दिवशी बरोबर ७ ला शेवटची लघवी करून ती कॅनमध्ये घालायची आणि बास. मध्ये एक जरी चुकली तरी लपवू नका, आम्हाला सांगा, परत करू, मी कधी कोणाला रागावलेले नाही. काही तपासण्यांच्या कॅनमध्ये तळाला ॲसिड घातलेलं असतं, ते पाणी राहिलंय म्हणून धुऊन टाकायचं नाही, आणि कॅनमध्ये थेट लघवी करायची नाही, भाजेल. कॅन गार आणि अंधाऱ्या जागी ठेवा, घरात फ्रीजमध्ये ठेवायला सासूबाई नको म्हणत असतील तर बादलीत बर्फ घालून मोरीत झाकून ठेवा, चालतं. आणि सोबत क्रिएटिनिन करून घ्या, लघवी पूर्ण गोळा झाली का नाही याचा अंदाज त्यावरून येतो.

फाइव्ह-एचआयएएच्या आधी ३ दिवस आणि गोळा करायच्या दिवशी पण केळी, अननस, टोमॅटो, अक्रोड, किवी, आलुबुखार आणि वांगी बंद. आपल्याकडं कृष्णाकाठची वांगी आणि भरीत रोजचं, त्यामुळं घरात सगळ्यांना आधीच सांगून ठेवा. आमटीत सुद्धा टोमॅटो नको, चिंच-आमसूल घाला. या पदार्थांत सेरोटोनिन असतं, ते शरीरात मोडून लघवीत तेच फाइव्ह-एचआयएए उतरतं आणि गाठ नसताना रिपोर्ट वाढीव येतो.

रक्ताचं म्हणाल तर वेळेला फार किंमत आहे. कॉर्टिसोल सकाळी ८ च्या आसपास सगळ्यात जास्त असतं आणि मध्यरात्री तळाला, म्हणून दुपारी २ ला कुणीतरी काढलेला एकच कॉर्टिसोल हातात घेऊन काही ठरत नाही. जास्त आहे का बघायला रात्री ११ ला डेक्सामेथासोन या स्टेरॉईडची १ मिलिग्रॅम गोळी आणि सकाळी ८ ला रक्त, आकडा १.८ च्या खाली गेला तर बहुतेक वेळा सुटलात, नाही गेला तर दुसरी एखादी तपासणी करून पडताळतात, एकीवर शिक्का मारत नाहीत. टीबीची रिफाम्पिसिन, फिटची फेनिटॉइन चालू असेल तर डेक्सामेथासोन शरीरात लवकर संपतं आणि पाळीच्या हार्मोनच्या गोळ्यांनी पण आकडा फसतो, त्यामुळं आधी सांगा.

एसीटीएचचं (पिट्युटरीतून ॲड्रिनलला कॉर्टिसोल बनवायला सांगणारं हार्मोन) रक्त जांभळ्या झाकणाच्या ट्यूबमध्ये, लगेच बर्फात आणि लगेच फिरवून प्लाझ्मा गोठवायला लागतो. जतहून, कवठेमहांकाळहून साध्या डब्यात तासन् तास गाडीवरून आलेलं असेल तर आकडा खोटा कमी येतो आणि मग सगळा तपास पिट्युटरी सोडून ॲड्रिनलकडं वळतो. म्हणून असलं रक्त जिथं सेंट्रीफ्यूज आणि फ्रीझर आहे तिथंच जाऊन द्या, त्या दिवशी एसटीचं तिकीट पडलं तरी चालेल. शुगरचं पण तसंच. साध्या ट्यूबमध्ये ठेवलेल्या रक्तातली साखर रक्तपेशीच खात बसतात, तासाला ५ ते ७ टक्के कमी होते, म्हणून ग्रे झाकणाची फ्लोराईड ट्यूब पाहिजे. नुसत्या ४५ शुगरच्या रिपोर्टवर घाबरलेला माणूस मी बघितलाय, त्याला काहीही झालेलं नव्हतं.

इन्सुलिनोमाची शंका असेल तर ज्या क्षणी शुगर ५५ च्या खाली आहे आणि त्रास पण होतोय त्याच क्षणाचं रक्त पाहिजे, त्यात शुगर, इन्सुलिन, सी-पेप्टाइड (शरीर स्वतः इन्सुलिन बनवतं तेव्हा सोबत निघणारा तुकडा) सगळं एकत्र. शुगर नॉर्मल असताना नुसतं इन्सुलिन करून पैसे वाया जातात. यासाठी ॲडमिट करून ७२ तासांपर्यंत उपाशी ठेवतात, बऱ्याच जणांचं ४८ तासांच्या आत उघड होतं. घरी उपास धरून हे करायचं नाही, कितीही निर्जळी एकादशी पाळायची सवय असली तरी नाही. आणि घरात कुणाच्या शुगरच्या गोळ्या आहेत का ते आधी बघा, आईच्या ग्लिमेपिराइडची गोळी चुकून दुसऱ्यानं घेतली की अगदी असंच चित्र दिसतं.

मेटानेफ्रिनचं रक्त उपाशीपोटी आणि अर्धा तास आडवं झोपवून मग काढतात, जिना चढून आल्या आल्या हात पुढं केला तर आकडा वाढणारच. डोकेदुखीसाठी दिलेली ॲमिट्रिप्टिलिन, सर्दीच्या नाक मोकळं करणाऱ्या गोळ्या यांनी पण तो वाढतो.

गोळ्यांवरून आठवलं, सांगली-मिरजेत काय आणि कुठंही काय, ॲसिडिटीची सकाळची कॅप्सूल प्रत्येक घरात आहे, पँटोप्राझोल आणि डोमपेरिडोन एकत्र असलेली. लोक तिला औषध समजतच नाहीत, विचारलं तर म्हणतात कसल्याच गोळ्या चालू नाहीत. यातल्या पँटोप्राझोलनं क्रोमोग्रॅनिन ए वाढतं, जो न्यूरोएंडोक्राइन ट्यूमरचा मार्कर म्हणून करतात, आणि डोमपेरिडोननं प्रोलॅक्टिन वाढतं. एकाच कॅप्सूलनं दोन ट्यूमरच्या शंका उभ्या राहतात! डॉक्टरांना विचारून २ आठवडे ती बंद ठेवून मग क्रोमोग्रॅनिन करा. किडनी खराब असेल तरी ते वाढलेलं दिसतं. केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या घेणाऱ्यांनी थायरॉईडच्या आधी २-३ दिवस त्या थांबवा. थायरॉईडचं एवढंच सांगते, गोळी उपाशीपोटी नुसत्या पाण्यासोबत, चहा अर्ध्या-एक तासानं, लोह-कॅल्शियम ४ तासांनी, आणि डोस बदलला की टीएसएच ६ ते ८ आठवड्यांनीच, पंधरा दिवसांत परत करायला येऊ नका.

आणि स्टेरॉईड. तोंड गोल झालंय म्हणून आलेल्या माणसाला मी पहिलं विचारते गुडघ्यासाठी, दम्यासाठी कुठली पुडी घेता का, गोरं व्हायची क्रीम लावता का. बिननावाच्या पुड्यांमध्ये स्टेरॉईड निघतं हे डॉक्टर मंडळी वर्षानुवर्षं सांगतायत. पुडी सोबत घेऊन जा आणि दाखवा, पण घाबरून एका दिवसात बंद करू नका. बरेच दिवस बाहेरून मिळालं की आपल्या ॲड्रिनल ग्रंथी झोपलेल्या असतात, अचानक तोडलं तर बीपी पडून माणूस आयसीयूत जातो. हळूहळूच कमी करायचं, डॉक्टरांच्या हाताखाली.

समजा सगळं करून न्यूरोएंडोक्राइन ट्यूमर निघालाच. मार्च २०१८ मध्ये इरफान खाननं स्वतःला हा आजार असल्याचं सांगितलं तेव्हा हे नाव घराघरांत पोचलं, आणि एप्रिल २०२० मध्ये तो गेला म्हणून नाव ऐकलं की लोकांचे पायच गळतात. पण या एका नावाखाली फार वेगवेगळे आजार आहेत. पहिलं विचारायचं ते ग्रेड. बायोप्सीच्या रिपोर्टमध्ये की-६७ नावाचा आकडा असतो, किती टक्के पेशी वाढायच्या तयारीत आहेत ते सांगतो, ३ च्या खाली ग्रेड १, ३ ते २० ग्रेड २, त्याच्या वर ग्रेड ३. अण्णांचा २ टक्के आहे. लिव्हरमध्ये ठिपके असून सुद्धा ते आज सकाळी बागेत गेलेत. रिपोर्टमध्ये हा आकडा नसेल तर लिहून मागा, आणि स्लाइड आणि मेणाचा ब्लॉक दोन्ही ताब्यात घ्या, मुंबईत परत तपासायला लागतात.

दुसरं, पेट स्कॅन कुठला ते विचारा. नेहमीचा कॅन्सरचा पेट साखरेवर चालतो, आणि सावकाश वाढणारी गाठ साखर फारशी ओढत नाही, त्यात ती दिसतच नाही कधीकधी. यासाठी गॅलियम-६८ डोटाटेट किंवा डोटानॉक पेट असतो, त्यातलं औषध गाठीवरच्या सोमॅटोस्टॅटिन रिसेप्टरला, म्हणजे त्या हार्मोनसाठी पेशीवर असलेल्या जागेला, चिकटतं. गॅलियम-६८ चं अर्धायुष्य ६८ मिनिटांचं, त्यामुळं सगळ्या सेंटरला नसतो, आधी फोन करून तारीख घ्यायची. महिन्याचं ऑक्ट्रिओटाइडसारखं इंजेक्शन (त्याचं पुढं सांगते) चालू असेल तर पुढचं घ्यायच्या थोडंसं आधी स्कॅन बसवतात, ते पण विचारून घ्या.

मिशन हॉस्पिटल काढणाऱ्या डॉक्टर वानलेस साहेबांच्या काळापासून मिरज म्हणजे दवाखान्यांचं गाव, कर्नाटकातनं सुद्धा लोक येतात, ऑपरेशन, इंजेक्शन, फॉलोअप बरंच काही इथं होतं. पण पहिल्यांदा उपचाराचा आराखडा ठरवताना एकदा तरी असे पेशंट रोज बघणाऱ्या ठिकाणी जाऊन या. मुंबईत हार्मोनसाठी केईएमचा एंडोक्रायनॉलॉजी विभाग आहे, ट्यूमरसाठी टाटा मेमोरियल आहे. महात्मा फुले योजनेत काय बसतंय हे दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला ॲडमिट व्हायच्या आधी विचारा, रेशनकार्ड आणि आधार सोबत ठेवून, नंतर विचारलं तर कागद जुळवताना जीव जातो.

गाठ काढता येण्यासारखी असेल तर ऑपरेशन. अण्णांचं आतड्याचं झालं. नंतर दर ४ आठवड्यांनी ऑक्ट्रिओटाइडचं लांब चालणारं इंजेक्शन, काहींना लॅनरिओटाइड असतं. त्यानं जुलाब आणि लाल होणं तर बहुतेकांचं कमी होतंच, पण गाठीची वाढ पण मंदावते हे २००९ आणि २०१४ साली आलेल्या दोन अभ्यासांनी दाखवलं, म्हणून आता बरं वाटतंय तर कशाला म्हणून सोडायचं नाही. इंजेक्शन फ्रीजमधलं, मेडिकलमधून बर्फाच्या डब्यातच आणायचं, आणि मिसळायच्या आधी अर्धा-एक तास बाहेर ठेवून खोलीच्या तापमानाला येऊ द्यायचं, नाहीतर सुईतच अडकतं. कुल्ल्याच्या स्नायूत खोल द्यायचं असतं, सवय असलेल्या सिस्टरकडूनच घ्या. या इंजेक्शननं पित्ताशयात खडे होऊ शकतात, सोनोग्राफी अधूनमधून करा. संडास तेलकट, पाण्यावर तरंगणारी व्हायला लागली तर तो गाठीचा जुलाब नसतो, अन्नातलं तूप-तेल पचत नसतं, त्याला जेवणासोबत एन्झाइमची कॅप्सूल लागते. आमचे दोन महिने हा फरक न कळल्यानं गेले, म्हणून सांगते संडासचा रंग, तेल, वास सगळं न लाजता डॉक्टरांना सांगा. सेरोटोनिनमुळं हृदयाच्या उजव्या बाजूच्या झडपा जाड होतात, त्यासाठी इको ठरलेल्या वेळेला. आणि प्रथिनांतलं ट्रिप्टोफॅन बरंचसं सेरोटोनिन बनवण्यात जातं त्यामुळं नायसिन (बी-३ जीवनसत्त्व) कमी पडतं, कातडी उन्हात खरखरीत काळी पडायला लागली तर ते विचारा.

इंजेक्शनवर असूनही वाढ दिसली तर ल्युटेशियम-१७७ ची थेरपी असते, पीआरआरटी म्हणतात. तोच रिसेप्टरला चिकटणारा रेणू, फक्त त्याला किरणं सोडणारं ल्युटेशियम जोडलेलं. हे ल्युटेशियम आपल्या ट्रॉम्बेच्या ध्रुव रिॲक्टरमध्ये बनतं, आणि परळला टाटाच्या ॲनेक्स इमारतीत बीएआरसीचं (भाभा अणुसंशोधन केंद्राचं) रेडिएशन मेडिसिन सेंटर आहे तिथं ही थेरपी बऱ्याच वर्षांपासून देतात. साधारण ४ डोस, मध्ये काही आठवड्यांचं अंतर. सोबत किडनी वाचवायला अमिनो ॲसिडचं सलाईन चालतं आणि त्यानंच मळमळ होते, थेरपीनं नाही, हे आधी माहीत असलं की माणूस घाबरत नाही. आम्ही महालक्ष्मी एक्स्प्रेसनं रात्री मिरजेतनं निघायचो. परत आल्यावर सांगितलेले दिवस लहान पोरं आणि गरोदर बाई लांब, झोपायला वेगळी खोली, संडासात बसून लघवी आणि दोनदा पाणी. माझ्या धाकट्याला आजोबांच्या मांडीवर बसायचं असायचं, त्याला कॅलेंडरवर लाल गोल करून दिला होता, तेवढे दिवस खिडकीतनं बोलायचा.

फिओचं ऑपरेशन असेल तर एक गोष्ट पाठच करा. आधी अल्फा ब्लॉकर, प्राझोसिनसारखी गोळी, आठवडा-दोन आठवडे, सोबत पाणी आणि मीठ जास्त, आणि धडधडीसाठी बीटा ब्लॉकर लागला तर तो नंतर. उलटा क्रम झाला तर बीपी आणखी चढतं. बीपीच्या पेशंटला कुणी मीठ जास्त खा म्हटलं की घरचे चक्रावतात, पण इथं तसंच असतं. आणि फिओ, मेड्युलरी थायरॉईड कॅन्सर, तरुणपणी कॅल्शियम वाढलेलं असं घरात दोघा-तिघांना झालं असेल तर जेनेटिक तपासणी आणि भावंडांची तपासणी विचारा. फिओ घरात एकट्यालाच असला तरी विचाराच, तीन-चार जणांत एकाला तो घराण्यातून आलेला असतो.

ज्यांना कॉर्टिसोल कमी पडतं आणि रोज हायड्रोकॉर्टिसोन चालू आहे त्यांनी ताप आला की डोस दुप्पट-तिप्पट करायचा असतो, उलट्यांमुळं गोळी टिकत नसेल तर १०० मिलिग्रॅमचं इंजेक्शन घेऊन थेट दवाखाना. हे तुमच्या डॉक्टरांकडून आधीच कागदावर लिहून घ्या आणि इंजेक्शन घरात ठेवा, रात्री २ ला विचारायला कुणी नसतं.

अण्णांच्या खिशात पण एक चिठ्ठी असते, आजाराचं नाव, इंजेक्शनची तारीख, डॉक्टरांचा नंबर, आणि खाली ठळक : भूल द्यायच्या आधी सांगा, ऑक्ट्रिओटाइड तयार ठेवा, ॲड्रिनलिन टाळा. ऑपरेशनच्या किंवा भुलेच्या वेळी कार्सिनॉइडची गाठ एकदम हार्मोन सोडू शकते आणि बीपी कोसळू शकतं, म्हणून. मागच्या महिन्यात दाढ काढायला गेले, दातांच्या इंजेक्शनमध्ये ॲड्रिनलिन असतं हे त्यांच्या ध्यानात पण नव्हतं, खुर्चीत बसल्यावर चिठ्ठी तेवढी पुढं केली. त्या दातांच्या डॉक्टर पोरीनं ती दोनदा वाचली, भरलेली सिरिंज बाजूला ठेवली आणि आधी आमच्या डॉक्टरांना फोन लावला.